वखारीत घर मांडायचं तर आधी चौक पाडावा लागेल

पत्र

सांगलीच्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. वय ४६, नोकरीमुळे मुक्काम पुण्यात. सांगलीतल्या वखारभागात त्यांच्या आजोबांनी बांधलेली हळदीची वखार आहे. रस्त्याच्या बाजूला चाळीस फूट, आत एकशेदहा फूट, मागे बोळ. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. खाली दगड, वर वीट, आत सागवानी खांब आणि कैच्या, वर मंगलोरी कौलं. उंची वळचणीपाशी सोळा फूट, आढ्यापाशी चोवीस.

अडतीचा धंदा मार्केट यार्डात गेला. वडील तीन वर्षांपूर्वी वारले, मृत्युपत्र नाही, आणि तेव्हापासून वखारीला कुलूप आहे. निम्मी वखार काकांची. थोरल्या भावाने एका बिल्डरशी बोलणी केली आहेत: सगळं पाडायचं, सात मजली इमारत उभी करायची, खाली गाळे. दसऱ्यापर्यंत होकार हवा आहे. ताईंना पाडणं मान्य नाही. न्यूयॉर्कमधल्या जुन्या इमारतींच्या उंच, मोकळ्या मजल्यांवर थाटलेल्या लॉफ्ट घरांची छायाचित्रं पाहून त्यांना वाटतं, वखार आहे तशी ठेवून आत दहा-बारा छोटे फ्लॅट निघतील. "ज्या भिंतींनी हजारो पोती पेलली, त्यांना चार संसार जड नाहीत," असं त्या लिहितात. भाऊ म्हणतो, "२०१९ ला आत पाच फूट पाणी होतं. तिथं कोण राहणार?" पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: मागच्या पडवीत आमचे जुने हमाल आणि त्यांची बायको राहतात, पण त्यांचा काही प्रश्न नाही.

ताई विचारतात: मी भावनेच्या आहारी जातेय का? आणि मुलगी म्हणून माझं कोण ऐकणार?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसले, कारण तुम्ही मापं दिली आहेत. अशा पत्रांत आठवणी भरपूर असतात, मापं क्वचित. ज्या बाईला वळचणीची आणि आढ्याची उंची ठाऊक आहे ती नुसती भावनेच्या आहारी गेलेली नाही, हे आधी सांगून टाकते. पण तुमच्या मनात वखारीचं जे चित्र आहे, त्यातल्या काही गोष्टी मला हलवून बघायच्या आहेत.

पहिली गोष्ट पोत्यांची. भिंतींनी हजारो पोती पेलली असं तुम्ही म्हणता. ताई, पोती भिंतींनी पेललेली नाहीत, जमिनीने पेलली. हळकुंडांची थप्पी फरशीवर उभी राहते आणि तिचं ओझं थेट खालच्या मातीत उतरतं. भिंतींच्या वाट्याला आजवर फक्त छप्पर आलं: कैच्या, वासे, कौलं आणि पावसाळ्यात भिजलेल्या कौलांचं थोडं जास्तीचं वजन. तुम्ही मधे मजला टाकलात की त्या भिंतींना आणि खांबांना जन्मात कधी न उचललेलं ओझं उचलावं लागेल. घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार, म्हणजे माणसांचं आणि सामानाचं वजन, धरतात, स्लॅबचं आणि फरशीचं वजन वेगळं. त्यात ती भिंत एकट्या तुमची नाही, पलीकडे शेजाऱ्याचंही छप्पर तिच्यावर टेकलेलं आहे.

मग मजला होणारच नाही का? होईल, पण भिंतींच्या आधाराने नव्हे. लोखंडी सांगाडा आत स्वतंत्र उभा करायचा, त्याचा पाया वेगळा, भिंतीपासून सुटा. मोठ्या पेटीत छोटी पेटी ठेवावी तसा. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पायाआधी माती तपासून घ्यावी लागेल. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे, आणि त्यातही ज्याने जुन्या दगडी-लाकडी बांधकामात हात घातला आहे अशाचं. नवा इंजिनिअर जुनी भिंत पाहिली की पाडा म्हणतो. त्याचा दोष नाही, त्याला तेवढंच शिकवलेलं असतं.

आता ती न्यूयॉर्कची छायाचित्रं. मॅनहॅटनच्या सोहो भागातल्या त्या इमारती एकोणिसाव्या शतकातल्या. दर्शनी बाजू ओतीव लोखंडाची, त्यामुळे भिंत जाड करावी लागली नाही आणि खिडक्या पुरुषभर उंच काढता आल्या. आत कापडाचे, तयार कपड्यांचे धंदे चालत. काम करायला उजेड लागायचा आणि गिऱ्हाइकाला माल दिसायला हवा असायचा. साठच्या दशकात धंदे उठले आणि रिकाम्या मजल्यांवर चित्रकार, शिल्पकार राहायला लागले. राहण्याची परवानगी नव्हती, तरी राहिले. १९७१ मध्ये शहराने कलावंतांना तिथं राहायची मुभा दिली, १९८२ मध्ये लॉफ्टमधल्या भाडेकरूंसाठी कायदा झाला. पुढे भाडी इतकी चढली की ज्यांनी तो भाग राहता केला त्यांच्यासारख्यांना तिथं घर परवडेना.

तुमच्या आजोबांनी वखार बांधली ती नेमकी उलट्या हिशोबाने. हळदीला ऊन लागलं तर रंग उतरतो, दमट हवा लागली तर कीड पडते. म्हणून भिंती जाड, झरोके लहान आणि वर, दार मोठं पण एकच. माल राखायला हे सगळं उत्तम. पण माणसाला याच्या बरोबर उलट हवं असतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न 'पाडावं की ठेवावं' हा नाही. आत उजेड कुठवर पोचतो, हा आहे.

बांधकामाच्या नियमांत एक साधा आकडा आहे. खिडकीपासून साडेसात मीटरच्या पलीकडचा खोलीचा भाग उजेडाचा धरत नाहीत. साडेसात मीटर म्हणजे साधारण साडेचोवीस फूट. तुमच्या वखारीला दोन्ही अंगांनी शेजार आहे, म्हणजे खिडक्या फक्त रस्त्याकडे आणि मागच्या बोळाकडे. पुढून साडेचोवीस फूट उजेड, मागून साडेचोवीस. एकशेदहातून एकोणपन्नास गेले, उरले एकसष्ट. या एकसष्ट फुटांच्या अंधारात तुमच्या दहा-बारा फ्लॅटांपैकी निम्मे तरी आहेत. नकाशावर त्यांना 'बेडरूम' लिहिता येईल, पण भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तिथं आईला मुलाचा चेहरा दिसणार नाही.

अशी एक जागा मी आतून पाहिली आहे. मराठवाड्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी, धान्याच्या जुन्या गोदामात प्लायवूडचे आडोसे उभारून आठ कुटुंबं ठेवली होती. मे महिना, वर पत्रा. एक तरुण आई पाळण्याची दोरी हातात धरून बसली होती, आणि तिने पाळणा घरात नव्हे, गोदामाच्या दारात टांगला होता, लोक जातात-येतात तिथं. मी विचारलं तर म्हणाली, "आत बाळाला घाम येऊन पुरळ उठतं." दिवसभर ते बाळ रस्त्यावर वाढत होतं. मालकाच्या दृष्टीने मात्र गोदामाची घरं झाली होती.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच वाड्यांत आहे. मधे चौक पाडायचा. त्या एकसष्ट फुटांच्या मधोमध वीस फुटांचं छप्पर काढून टाका, आभाळ आत येऊ द्या. चौकाच्या दोन्ही बाजूंना साडेवीस-साडेवीस फूट उरतात, म्हणजे साडेचोवीसच्या आतच. आता पुढून मागे मोजत चला: रस्त्याकडचा पट्टा, चौकाच्या अलीकडचा पट्टा, चौक, पलीकडचा पट्टा, बोळाकडचा पट्टा. राहण्याजोगे चार पट्टे झाले, एकूण एकशेदहा फुटांपैकी नव्वद. जिने, जायची वाट, संडास-न्हाणीची जागा वजा केली की चार चांगली घरं बसतात. फार तर पाच. बारा नव्हेत. गरम हवा वर जायलाही चौक लागतोच. कौलांखाली पोटछत घातलं आणि चौक उघडा ठेवला तर सांगलीचा एप्रिल-मे तिथं सुसह्य होईल.

आता पाणी. या मुद्द्यावर तुमच्या भावाला मी बाजूला सारणार नाही, त्याचं म्हणणं खरं आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या पुढे, २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडली. सोळा वर्षांत तीन मोठे पूर. तेव्हा तळमजल्यावर कुणाचंही स्वयंपाकघर असता कामा नये. याबाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

पण याच कारणाने वरच्या मजल्याचा विचार करता येतो, आणि तुमची मापं इथं कामी येतात. महापालिकेच्या नगररचना विभागाकडे अर्ज करून तुमच्या सिटी सर्व्हे नंबरावर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते लेखी घ्या. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. या रेषा जलसंपदा विभाग ठरवतो, भिंतीवरचा डाग नव्हे. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नव्या बांधकामाला जवळजवळ मनाईच आहे, तिथं असलेल्या अधिकृत इमारतीच्या पुनर्विकासाचा विचार अटींवर होतो. दोन रेषांच्या मधे असाल, तर बांधकाम लाल रेषेच्या पातळीहून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावं, असं राज्याच्या नियमावलीत आहे. समजा तुमच्याकडे लाल पातळी जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास निघाली. मग साडेसहा फुटांच्या वर कुठंही घराची जमीन घेता येईल. खाली गाडी लावता यावी म्हणून आठ फुटांवर घ्या. वळचणीपाशी डोक्यावर आठ फूट उरतात, आढ्याखाली सोळा. उतरत्या छपराखाली एवढी उंची राहण्याजोगी आहे. पण लाल पातळी आठ-नऊ फूट निघाली, तर हे गणित कोसळतं. तसं झालं तर तो निकाल मान्य करा.

तळमजल्यावर मग काय? जे भिजलं तरी चालेल किंवा तासाभरात वर नेता येईल ते. गाड्या, वर्कशॉप, भाजीवाल्याचे क्रेट. फरशी शहाबादीच राहू द्या, धुऊन निघते. प्लास्टर चुन्याचं करा. पुरात भिजलेल्या भिंतीला वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दोन वर्षांत लोणा फुटतो. विजेचे मीटर, स्विचबोर्ड, पाण्याची मोटर सगळं वरच्या मजल्यावर. आणि ड्रेनेजला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय संडास जोडू नका. पुरात नदीचं पाणी दारातून यायच्या आधी गटारातून येतं, हे वखारभागातल्या कुणालाही विचारा.

एक गोष्ट तुमच्या भावाच्या बाजूने. सात मजली इमारत, खाली नुसते खांब, माणसं वर, ही पुराच्या गावात वाईट कल्पना नाही. ज्यांना आज घर नाही अशांना घरं जास्त मिळतील. माझं मन तुमच्या वखारीकडे झुकतं हे मी लपवत नाही. सागवानी कैच्यांखालचं ते चाळीस फुटी मोकळं छप्पर एकदा उतरवलं की पुन्हा कुणी बांधणार नाही. वखारभागातली शेवटची वखार गेली की त्या नावाला तिथं काही आधार राहणार नाही. पण बिल्डरच्या बोलण्यात एक जागा तपासायची आहे: त्याने तळात गाळे दाखवले आहेत. पूररेषेचा दाखला हातात घेऊन त्याला विचारा, हे गाळे मंजूर कसे होणार? ते वगळले तर त्याचा आणि तुमचा हिस्सा किती उरतो? भावाने होकार द्यायचा असेल तर या उत्तरानंतर द्यावा. दसऱ्याचा मुहूर्त बिल्डरला हवा आहे, तुम्हाला नाही.

एक धोका ना तुम्ही लिहिलात ना भावाने. वखारीत कीड मारायला काय वापरत, ते जुन्या दिवाणजींना विचारा. गोळ्यांची धुरी दिली असेल तर तो वायू उडून गेला. पण पूर्वी बीएचसी, म्हणजे आपण जिला गॅमेक्झीन म्हणायचो ती पावडर, गोदामांच्या भिंतींवर आणि फरशीच्या सांध्यांत सर्रास मारत. १९९७ मध्ये देशात तिच्यावर बंदी आली, मात्र मातीत आणि धुळीत ती फार काळ टिकते. जिथं मुलं रांगणार तिथली फरशी उचलून खालच्या मातीची आणि भिंतीच्या गिलाव्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. वखार पुढेमागे कुठं सिमेंटच्या पत्र्याने शाकारली असेल, तर त्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. तो फोडू नका, कापू नका, ओला करून अख्खा उतरवायला सांगा.

तुमचं कोण ऐकणार, असं विचारलंत. ताई, ऐकावंच लागेल. वखार वडिलोपार्जित असली तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. वडिलांचा वाटा त्यांची स्वतःची मालमत्ता धरला गेला, तरी मृत्युपत्र नसताना आई, भाऊ आणि तुम्ही सारखेच वारस. तेव्हा प्रॉपर्टी कार्डावर तुमचं नाव लागलं आहे का ते आधी बघा. भूमी अभिलेख कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज करा. 'नुसती सही दे' म्हणून आलेला कोणताही कागद वकिलाला दाखवल्याशिवाय परत करू नका. त्यात हक्कसोडपत्र असू शकतं. हे भांडणासाठी सांगत नाही. भाऊ-काकांसमोर बसताना पाहुणी म्हणून बसू नका, एवढ्यासाठी सांगते.

काकांच्या बाबतीत तुमचं पत्र गप्प आहे. त्यांना पैसे आत्ता हवे आहेत की घर, हे तुम्ही त्यांना विचारलं आहे का? पैसे हवे असतील तर चार घरांचा तुमचा बेत त्यांना कितीही आवडला तरी उपयोगाचा नाही, कारण त्यातून येईल ते भाडं, आणि तेही सावकाश. मग वाटणी करून रस्त्याकडचा किंवा बोळाकडचा भाग त्यांना मोकळा करून देणं हा मार्ग उरतो. मी तुमच्या जागी असते तर सगळी वखार एकदम हातात घेतलीच नसती. आधी फक्त रस्त्याकडचा साडेचोवीस फुटांचा पट्टा करा. चौक लागत नाही, उजेड आयता आहे, वर एक-दोन घरं, खाली वाहनतळ. वापर बदलाची महापालिकेची परवानगी मात्र त्यालाही लागेल. त्यात दोन पावसाळे काढा. कौलं कशी वागतात, भाडेकरू टिकतो का, पाणी आलं तर काय होतं, हे कळेल, आणि मग चौकाचा खर्च करायचा की नाही ते ठरवता येईल.

बार्शी, लातूर, खामगाव, कोल्हापूरची शाहूपुरी, पुण्यातल्या नाना-भवानी पेठा इथूनही अशी पत्रं येतात, कापूस, गूळ, भुसार मालाच्या गोदामांबद्दल. जिथं पूर नाही तिथं तळमजलाही वापरता येईल, मग घरं वाढतील. पण उजेडाचं माप आणि भिंतीचं ओझं सगळीकडे तेच.

शेवटी पडवी. ताई, "त्यांचा काही प्रश्न नाही" हे वाक्य मला फार टोचलं. वखारीची घरं होतील का असं तुम्ही विचारता, आणि त्या वखारीत एक घर आधीपासून आहे. किती वर्षं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते भाडं देतात का, पावती आहे का, रेशन कार्डावर आणि वीजबिलावर पत्ता कुठला आहे, यावर त्यांचा कायदेशीर हक्क ठरेल, तो वकील सांगेल. पण ज्यांच्या पाठीवरून ती हजारो पोती आत आली, त्यांच्यासाठी नव्या नकाशात एक खोली असायला हवी, मग तो नकाशा जुन्या वखारीचा असो की सात मजली इमारतीचा. ती खोली पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा, नंतर कुणालाही जागा सापडत नाही.

येत्या शनिवारी सांगलीला जा. सकाळी अकराला वखारीचं मोठं दार उघडा, दिवे लावू नका, आणि वर्तमानपत्र घेऊन आत चालत जा. अक्षरं दिसेनाशी होतील तिथं फरशीवर खडूने रेघ मारा. मागच्या बोळाकडच्या भिंतीपासूनही तेच करा. मग त्या हमाल मामांना आणि मामींना हाक मारा. २००५ चं, २०१९ चं आणि २०२१ चं पाणी भिंतीवर कुठवर होतं ते त्यांना दाखवायला सांगा, टेप लावून लिहून घ्या. आणि त्या दिवसांत ते दोघं कुठं राहिले होते, तेही विचारा.